समुद्राकाठच्या दमट हवेत एसी टिकवायचा कसा: खरेदीपासून धुण्यापर्यंत, क्रमवार

समुद्राजवळ राहणारे लोक एसीची हेळसांड करतात असं नाही. फिल्टर धुतले जातात, वर्षाचं सर्व्हिसिंग होतं, पाऊस लागला की आउटडोअर युनिटवर प्लास्टिकही बांधलं जातं. तरी काही वर्षांतच कॉइल (गॅस फिरणाऱ्या नळ्यांची जाळी) गळायला लागते, पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) जातो, स्टँडच्या नटांचा चुरा होतो. कष्ट कमी पडलेले नसतात, ते भलत्या जागी खर्च झालेले असतात. घरातल्या युनिटला महिन्यातून दोनदा पाणी मिळतं. बाहेर जे युनिट रात्रंदिवस खारं वारं घेत उभं आहे, त्याला वर्षातून एकदा मिळतं, आणि तेही बऱ्याचदा ॲसिड घातलेलं.

घरगुती स्प्लिट एसीकडून साधारण हवामानात १० ते १५ वर्षांची अपेक्षा धरतात. लाटांच्या जवळ, काही न करता सोडलेली बाहेरची कॉइल त्याच्या निम्म्या काळातही कामातून जाऊ शकते. मधली वर्षं वाचवायची असतील तर पुढच्या गोष्टी याच क्रमानं करा. एसी आधीच लागलेला असेल तर थेट पाचव्या टप्प्यावर या, पण त्याआधी पुढचा भाग वाचा. धुणं इतकं महत्त्वाचं का, ते त्यातून कळेल.

## एसीचं नेमकं काय बिघडतं

लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि मीठ मागे ठेवून जातात. आउटडोअर युनिटचा पंखा ही हवा दिवसभर कॉइलमधून ओढत असतो, त्यामुळे भिंतीवर बसतं त्याहून कितीतरी जास्त मीठ कॉइलवर बसतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावा ओढू लागतं. थोडक्यात, किनाऱ्यावर कॉइलवरचा मिठाचा थर पूर्ण कोरडा असा जवळपास कधी नसतोच.

बहुतेक कॉइलमध्ये नळी तांब्याची आणि तिच्यावरच्या फिन्स (उष्णता पसरवणाऱ्या पातळ पट्ट्या) ॲल्युमिनियमच्या असतात. हे दोन धातू चिकटून असले आणि मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं. फिनच्या मुळाशी पांढरी भुकटी दिसते ती हीच. फिनची नळीवरची पकड सुटते, मग नळीतली उष्णता फिनपर्यंत पोचत नाही. गॅसचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, त्याचं वाइंडिंग (मोटरमधल्या तारेची गुंडाळी) तापतं. वाइंडिंगच्या इन्सुलेशनबद्दल एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. लोक म्हणतात कॉम्प्रेसर अचानक गेला. त्याची सुरुवात दोन-तीन वर्षांपूर्वी त्या पांढऱ्या भुकटीत झालेली असते.

दमटपणाचा भार वेगळाच. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एक किलो हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. २५ अंश आणि ५५ टक्क्यांची आरामाची खोली हवी तर त्यातली फक्त ११ ग्रॅमच्या आसपास राहायला हवी. उरलेलं सगळं पाणी एसीला थंडावून बाहेर काढावं लागतं. एक टनाच्या, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅटच्या एसीनं तासाला एक लिटर पाणी काढलं, तर त्याच्या ताकदीचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिथेच संपतो. खोलीचं तापमान अजून उतरलेलंही नसतं.

## टप्पा १: तुमच्या घराला खारं वारं किती लागतं ते पाहा

बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिका किनाऱ्यापासून साधारण ३०० मीटर आणि १ किलोमीटर अशा दोन रेषा धरतात. त्या उपयोगी आहेत, पण नुसत्या अंतरावर विसंबू नका. खडकाळ किनाऱ्यावर लाटा जोरात फुटतात, शांत खाडीत तसं होत नाही. मध्ये इमारती किंवा दाट झाडी असेल तर दोनशे मीटरवरचं घरही बरंच सुरक्षित असतं. उलट, उघड्या माळावरच्या उंच मजल्यावर दीड किलोमीटरवरही मीठ पोचतं.

खात्री करायला सोपी चाचणी आहे. समुद्राच्या बाजूच्या खिडकीची एक काच बाहेरून गोड पाण्यानं धुऊन कोरडी करा. वाऱ्याच्या, बिनपावसाच्या दिवसांत आठवडाभर तिला हात लावू नका. मग संध्याकाळी टॉर्च तिरपा धरून पाहा. धूळ कोरडी असते, बोटानं सहज निघते. मीठ चिकटतं, बोट फिरवलं की ओला पट्टा उमटतो आणि वाळल्यावर पांढुरका डाग राहतो. असा पट्टा स्पष्ट दिसला तर अंतर काहीही असो, तुमचं घर खाऱ्या पट्ट्यात आहे असं धरून चाला. हीच चाचणी घराच्या मागच्या बाजूच्या काचेवरही करा. दोन्हींतला फरक तिसऱ्या टप्प्यात कामी येतो.

## टप्पा २: खरेदी करताना

क्षमता जास्त घेऊ नका. दमट हवा आहे म्हणून दीड टनाच्या जागी दोन टन, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. मोठा एसी खोली झटक्यात थंड करतो आणि थांबतो. पाणी निथळून ड्रेनमध्ये जायला कॉइल सलग थंड राहावी लागते, तेवढा वेळच त्याला मिळत नाही. खोली गार पण चिकट राहते, मग लोक तापमान आणखी खाली नेतात. सतत चालू-बंद होण्यानं कॉम्प्रेसर झिजतो तो वेगळाच. खोलीचं क्षेत्रफळ, छतावरचं ऊन, खिडक्यांची दिशा आणि माणसं यांवरून भार काढून घ्या, आणि कमी वेगानं बराच वेळ चालू शकेल असा इन्व्हर्टर एसी निवडा.

कोटिंगच्या रंगावर जाऊ नका. निळी किंवा सोनेरी फिन पाहून लोक निश्चिंत होतात. निळा थर बहुधा पाणी फिनवरून पटकन ओघळावं म्हणून दिलेला असतो, गंजापासून त्याचं संरक्षण मर्यादितच असतं. खाऱ्या पट्ट्यासाठी विचारायचा प्रश्न असा: संपूर्ण कॉइलवर, कापलेल्या कडांसकट, कारखान्यातच इपॉक्सीसारखा गंजरोधक थर दिला आहे का? ‘इतके तास सॉल्ट स्प्रे टेस्ट’ (खाऱ्या फवाऱ्यातली चाचणी) असा आकडा सांगितला जाईल. दोन कोटिंगची तुलना करायला तो ठीक आहे, पण त्या तासांची वर्षं करता येत नाहीत. प्रयोगशाळेतल्या पेटीत तुमच्या घरचं ऊन, दव आणि धूळ नसते.

आउटडोअर युनिटच्या पीसीबीवर ओलावारोधक लेप आहे का, तेही विचारा. इन्व्हर्टर एसीचा सगळ्यांत नाजूक भाग तोच. मग वॉरंटीची पत्रिका पूर्ण वाचा. किनारी गंजाबद्दलची अट बहुतेकदा शेवटच्या बारीक अक्षरांत असते.

> सावधान: साधी कॉइल घेऊन तिच्यावर नंतर वार्निश, रंग किंवा तेलाचा फवारा मारून घेऊ नका. तेलावर धूळ बसते, जाड थरानं उष्णता अडते. गंज धरलेल्या कॉइलवर थर दिला तर आतलं मीठ आतच कोंडतं आणि गंज थराखाली चालू राहतो.

## टप्पा ३: आउटडोअर युनिटची जागा

पहिली पसंती घराच्या मागच्या बाजूला, जिथे इमारत स्वतःच वारा अडवते. ते शक्य नसेल तर बाजूच्या भिंतीवर. समुद्राच्या समोरच लावावं लागलं तर पुढे वाराअडवी भिंत करा: उंची-रुंदी युनिटच्या साधारण दीडपट, आणि हवा फिरायला युनिटपासून निदान ७० सेंटिमीटर मोकळी जागा. जाळीदार विटा किंवा पातळ बांबूचा पडदा इथे चालत नाही. भिंत भरीव हवी.

आता जिथे सगळ्यात जास्त गफलत होते तो मुद्दा. युनिट पावसात भिजू नये म्हणून ते खोल छज्ज्याखाली, बंद डक्टमध्ये किंवा काच लावलेल्या बाल्कनीत बसवतात. आउटडोअर युनिट पाऊस सोसण्यासाठीच बनवलेलं असतं, आणि खाऱ्या हवेत पाऊस हा त्याचा फुकट धुणारा आहे. छपराखालच्या भागावर मीठ येतं, पण पाऊस पोचत नाही. त्यामुळे आडोशाचं लोखंड उघड्यावरच्या लोखंडापेक्षा लवकर गंजलेलं किनाऱ्यावर सगळीकडे दिसतं. आडोसा वाऱ्यापासून हवा, पावसापासून नको. शिवाय कोंडलेल्या जागेत युनिट स्वतःचीच गरम हवा परत ओढतं आणि कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो.

जागा ठरवताना एक गोष्ट आवर्जून बघा: पाण्याचा पाइप आणि माणसाचा हात तिथे सुरक्षितपणे पोचतो का? जिथे पोचत नाही, तिथलं युनिट कधीही धुतलं जाणार नाही.

## टप्पा ४: बसवण्याच्या दिवशी

दमट हवेत बसवताना झालेली चूक दिसायला दोन-तीन वर्षं लागतात. आजच्या आर-३२ आणि आर-४१०ए गॅसच्या एसीमध्ये जे तेल वापरतात ते हवेतला ओलावा भराभर शोषतं. ओलावा आत राहिला तर त्यातून आम्ल तयार होतं आणि ते वाइंडिंग खातं. म्हणून टेक्निशियनसमोर उभं राहून हा क्रम पाळून घ्या:

1. पाऊस चालू असताना पाइप उघडू नका. तांब्याच्या पाइपच्या टोकांवरच्या टोप्या जोडणीच्या मिनिटापर्यंत काढायच्या नाहीत. भिंतीतून पाइप ओढतानाही टोक बंदच हवं.
2. फ्लेअर जोड (पाइपचं टोक फुलवून नटानं आवळायचा जोड) टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानंच आवळणारा पाना, वापरून आवळा. अंदाजानं जास्त आवळलेला फ्लेअर चिरतो, सैल राहिलेला गळतो.
3. कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन सगळे जोड साबणाच्या फेसानं तपासा. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.
4. व्हॅक्यूम पंप लावा आणि मायक्रॉन गेजवर (आत किती हवा-ओलावा उरला ते दाखवणारं मापक) ५०० मायक्रॉनच्या खाली जाऊ द्या. मग पंपाकडची जोडणी बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा पाहा. तो झपाट्यानं चढत असेल तर आत पाणी आहे किंवा गळती.
5. त्यानंतरच गॅसचे व्हॉल्व्ह उघडा.

‘थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढतो’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. त्यानं हवा थोडीफार निघते, ओलावा निघत नाही.

इन्सुलेशनही इथलं वेगळं. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू सुमारे २८ अंशांवर असतो, म्हणजे २८ पेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागाला घाम फुटणार. जाड आणि एकसलग रबरी इन्सुलेशन घ्या, दोन्ही पाइपना स्वतंत्र, आणि जोडांवर फट न ठेवता. बाहेरच्या भागाला उन्हापासून वाचवणारं आवरण लागतं, नाहीतर रबर तडकतं आणि ओलावा आत शिरतो.

स्टँड गरम जस्तात बुडवून काढलेला घ्या, नुसता रंगवलेला नको. नट-बोल्ट ३१६ स्टेनलेस स्टीलचे. ३०४ वर खाऱ्या हवेत तांबूस ठिपके येतात, ३१६ मधल्या मॉलिब्डेनममुळे ते बरेच टळतात. वेगळ्या धातूंच्या मध्ये नायलॉनचा वॉशर टाका. भिंतीत भोक पाडताना स्टँडचं जस्त खरवडलं गेलं असेल तर तिथे लगेच झिंक रंग लावा.

> तपासा: ड्रेन पाइपला उतार आहे का? इनडोअर युनिटच्या तबकात एक लिटर पाणी ओता. न थबकता सगळं बाहेर यायला हवं. ड्रेनचं तोंड आउटडोअर युनिटवर किंवा स्टँडवर ठिबकत नाही ना, तेही पाहा.

## टप्पा ५: आउटडोअर युनिट धुणं

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. कोटिंग, जागा, बोल्ट या सगळ्यांनी गंजाचा वेग कमी होतो. मीठ काढून फक्त पाणीच टाकतं.

किती वेळा: लाटांपासून पहिल्या ३०० मीटरमध्ये महिन्यातून एकदा, जोराच्या वाऱ्याच्या दिवसांत पंधरवड्याला. एक किलोमीटरपर्यंत दोन-तीन महिन्यांनी. युनिट छपराखाली असेल तर याच्या दुप्पट वेळा. वादळ होऊन गेलं की वेळापत्रक न पाहता दुसऱ्याच दिवशी. मुसळधार पावसाच्या दिवसांत उघड्यावरच्या युनिटला सुटी चालेल.

पाणी कोणतं: किनाऱ्याजवळच्या विहिरी-बोअरचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं. त्यानं धुणं म्हणजे मिठावर मीठ. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी तर त्याहून वाईट, कारण त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. पाण्याचा एक थेंब आरशावर वाळू द्या. जाड पांढरा डाग राहिला तर ते पाणी यासाठी नको. नळाचं गोड पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

क्रम असा:

1. रिमोटनं बंद करा, मग एमसीबी (एसीच्या वीजपुरवठ्याचा स्विच) खाली करा. दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही वेळ भार राहतो.
2. मागच्या जाळीवरची पानं, जळमटं, पिसं कोरडीच काढा. आधी पाणी मारलं तर त्यांचा लगदा फिनमध्ये जाऊन बसतो.
3. पाइपला साधा झाऱ्यासारखा फवारा लावा. गाडी धुण्याचं प्रेशर यंत्र नको, ॲल्युमिनियमच्या फिन कागदासारख्या दुमडतात.
4. कॉइलवर पाणी सरळ समोरून, वरून खाली, सावकाश सोडा. तिरपा मारा केला तर फिन वाकतात. खाली येणारं पाणी स्वच्छ दिसू लागल्यावरही आणखी दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. धूळ आधी जाते, मीठ मागाहून. पाणी स्वच्छ दिसलं की थांबणं ही इथली नेहमीची चूक.
5. युनिटच्या एका बाजूला जिथे वायर आत जाते तिथे वीजजोडणीची पेटी असते. तिच्यावर थेट फवारा नको.
6. पत्रा, स्टँड, बोल्ट, मागची जाळी हेही धुवा. स्क्रूच्या खाचा आणि पत्र्याच्या दुमडलेल्या कडा ही गंजाची पहिली ठिकाणं.
7. तळाच्या पत्र्याला असलेली पाणी निघायची भोकं काडीनं मोकळी करा. इथे धूळ आणि मीठ मिळून काळपट चिखल साठतो, आणि बाहेरून चकचकीत दिसणारं युनिट खालून सडत असतं.
8. अर्धा तास निथळू द्या. मग एमसीबी वर करून एसी कूलिंगवर वीस-तीस मिनिटं चालवा. गरम कॉइल आणि पंखा मिळून उरलेलं पाणी सुकवतात.

तेलकट काजळी बसली असेल तरच साबण: सौम्य, पाण्यात पातळ केलेला, आणि नंतर दुप्पट पाणी. फिन चमकवणारी ॲसिडची किंवा कॉस्टिकची द्रावणं नकोतच. त्यांनी येणारी चमक म्हणजे ॲल्युमिनियमचा निघून गेलेला वरचा थर, आणि असलं तर कोटिंगही.

> सावधान: युनिट उंच भिंतीवर बाहेर लटकत असेल तर खिडकीतून वाकून धुऊ नका. ते काम सुरक्षा पट्टा लावणाऱ्या माणसाचं. स्टँडवर पापुद्रे सुटलेला गंज दिसत असेल तर त्यावर कुणी भार टाकायचा नाही, आधी स्टँड बदलायचा.

> तपासा: धुतल्यावर एमसीबी किंवा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करू नका. जोडणीच्या पेटीत ओल गेली आहे. पूर्ण वाळू द्या, तरीही पडलं तर टेक्निशियन बोलवा.

धुऊन झालं की टॉर्च घेऊन मागच्या खालच्या कोपऱ्यात पाहा. मीठ आणि ओल तिथे सगळ्यांत जास्त वेळ राहते. फिनच्या कडा करड्या आणि ताठ असतील तर उत्तम. पांढरे ठिपके म्हणजे गंजाची सुरुवात, धुण्याचं अंतर निम्मं करा. बोट लावताच फिन बिस्किटासारखी चुरली तर त्या भागातून उष्णता जाणं थांबलेलं आहे. दर वेळी त्याच कोपऱ्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की अंदाज बांधायची गरज उरत नाही.

## टप्पा ६: इनडोअर युनिट

इथे मिठापेक्षा ओल आणि बुरशीचा त्रास जास्त. फिल्टर दोन आठवड्यांनी धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ओला फिल्टर लावला की कुबट वास तिथूनच सुरू होतो. ड्रेनमध्ये शेवाळाचा चिकट पदार्थ साठतो, त्यासाठी दोन-तीन महिन्यांनी कोमट पाणी जोरात सोडा.

आतल्या कॉइलच्या गळतीचं एक कारण फारसं कुणी लक्षात घेत नाही. ओलाव्याबरोबर व्हिनेगर, उग्र क्लीनर, ताजं पॉलिश, प्लायवूडचा गोंद यांच्यातून निघणारी सेंद्रिय आम्लं तांब्यावर बसली की नळीत मुंगीच्या बिळांसारखी सूक्ष्म, वाकडीतिकडी भोकं पडतात. डोळ्यांना काही दिसत नाही, गॅस मात्र दर हंगामात कमी होतो. म्हणून घरात फर्निचरचं किंवा पॉलिशचं काम चालू असताना त्या खोलीतला एसी बंद ठेवा, खिडक्या उघडा, आणि वास पूर्ण गेल्यावरच चालू करा.

## टप्पा ७: रोजचा वापर

तापमान २४ ते २६ वर ठेवा. साधा आर्द्रतामापक भिंतीवर लावला तर उत्तम, ५० ते ६० टक्के हे लक्ष्य. खोली गार असूनही चिकट वाटत असेल तर तापमान उतरवण्याआधी ड्राय मोड वापरून पाहा.

पंखा ऑटोवर असू द्या. कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा जोरात चालत राहिला तर कॉइलवरचं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं. पण एसीचं काम संपल्यावर, खोलीतून बाहेर पडताना, वीस-तीस मिनिटं फक्त फॅन मोड लावून ठेवा. कॉइल वाळते आणि बुरशीला ओल मिळत नाही. एसीत हे आपोआप करणारी सोय असेल तर ती चालू करून ठेवा, बऱ्याच घरांत ती बंदच असते.

एसी चालू असताना ‘थोडी हवा येऊ दे’ म्हणून खिडकीची फट ठेवू नका. त्या फटीतून मीठही येतं आणि प्रत्येक किलो हवेमागे ते जादा १३ ग्रॅम पाणीही. दारांच्या खालच्या फटी पट्टी लावून बंद केल्या तर कॉम्प्रेसरला खरा आराम मिळतो.

## टप्पा ८: ‘गॅस कमी झालाय’ असं सांगितलं गेलं तर

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळाला आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे तोच प्रकार पुढच्या हंगामात पुन्हा.

त्याआधी गॅस खरंच कमी आहे का, ते पाहायला हवं. दमट हवेत एसीची बरीच ताकद पाणी काढण्यात जाते, म्हणून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक कोरड्या हवेपेक्षा कमी दिसतो. नुसत्या थर्मामीटरवरून किंवा हातावर हवा घेऊन निदान करू देऊ नका. क्रम असा असायला हवा:

1. दोन्ही कॉइल आणि फिल्टर स्वच्छ करणं.
2. अर्धा तास चालवून पुन्हा पाहणं. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.
3. मग दाब आणि करंट मोजणं.
4. कमी आढळल्यास तेलाचा डाग शोधणं. जिथून गॅस गळतो तिथे तेलकट, धूळ धरलेला ठिपका असतो. आधी फ्लेअर जोड, मग कॉइलची यू-वळणं.
5. दुरुस्ती, नायट्रोजननं तपासणी, व्हॅक्यूम, आणि पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून.

> सावधान: आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. बंद खोलीत, ज्योत किंवा ठिणगी जवळ असताना गॅसचं काम नको. नळी फुटलेली असताना पंप-डाउन (नळ्यांतला गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घेणं) करू देऊ नका, कॉम्प्रेसरमध्ये हवा शिरून स्फोट होऊ शकतो.

## टप्पा ९: घर काही महिने बंद राहणार असेल तर

चालू एसीपेक्षा बंद एसी खाऱ्या हवेत लवकर गंजू शकतो, कारण कॉइल गरम होऊन वाळण्याची संधीच मिळत नाही. रात्रीचं दव मिठावर बसतं आणि तसंच राहतं. निघण्याच्या आदल्या दिवशी पाचव्या टप्प्याप्रमाणे धुवा, सुकवा, इनडोअर युनिट तासभर फॅन मोडवर चालवा, मग एमसीबी बंद करा. संपूर्ण प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. झाकायचंच असेल तर फक्त वरून, बाजू मोकळ्या ठेवून. कुणाकडे किल्ली असेल तर पंधरा दिवसांनी अर्धा तास एसी चालवायला सांगा.

परत आल्यावर चालू करण्याआधी बाहेरचं युनिट उघडून पाहून घ्या. पाली आणि मुंग्या पीसीबीजवळ आसरा घेतात आणि त्यांच्यामुळे शॉर्ट होतो.

## टप्पा १०: दुरुस्त करायचा की बदलायचा

एकच फ्लेअर जोड गळत असेल, पंख्याची मोटर किंवा कपॅसिटर गेला असेल, तर वय न पाहता दुरुस्त करा. बाहेरच्या कॉइलचा साधारण चौथा हिस्सा चुरत असेल पण नळ्या शाबूत असतील आणि कॉम्प्रेसरचा करंट पाटीवरच्या आकड्याच्या आत असेल, तर नवी कॉइल बसवणं योग्य ठरतं. ती मिळाली तर कोटिंगवालीच घ्या. नळीला दोन वेगवेगळ्या ठिकाणी भोकं पडली असतील तर तिसरं पडणारच, तिथे डाग देत बसू नका. कॉइल आणि कॉम्प्रेसर दोन्ही गेले असतील तर नवा एसी घ्या.

नवा एसी घेतल्यावर जुनं सामान वाचवायचा मोह होतो. जुना स्टँड वापरायचा असेल तर आधी खाली काढून भिंतीकडची बाजू पाहा, गंज तिथे लपलेला असतो. भिंतीतले जुने अँकर बोल्ट मात्र कधीही पुन्हा वापरू नका, नवी भोकं पाडून घ्या. जुना तांब्याचा पाइप ठेवायचा तर जाडी आणि व्यास नव्या गॅसला चालणारे हवेत. कॉम्प्रेसर जळून गेला असेल तर आत आम्लयुक्त तेल उरलेलं असतं, अशा वेळी पाइप आतून धुऊन नायट्रोजननं कोरडा केल्याशिवाय त्याला नवं युनिट जोडू देऊ नका.